जहूरचाचांचं गोल टेबल

जहूरचाचांच्या हातात ड्रॉइंग दिलं की ते आधी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवत. वाचायला चष्मा लागतो हे त्यांना मान्य होतं, पण वाचायच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना माणसाच्या तोंडून हवी असत. ह्याच्यावर काय बसणार? आणि माणूस हात कुठे टेकणार? पहिल्या उत्तरावरून ते लाकडाची जाडी ठरवत, दुसऱ्यावरून कडा गोल करत. मी कंपनीत डिझायनर म्हणून नवी लागले तेव्हा ह्या प्रश्नांचा मला भयंकर राग यायचा. ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरपर्यंत सगळं लिहिलेलं असताना हा म्हातारा मला उभं करून तोंडी परीक्षा कशाला घेतो, असं वाटायचं.

आमची कंपनी प्रदर्शनांचे स्टॉल बांधते. ऑफिस दुबईत अल मनखूलमध्ये, कारखाना तिकडे उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. तीन-चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी तीन-चार आठवडे राबायचं, आणि शेवटच्या दिवशी दुपारी पाहुणे गेले की हातोडे घेऊन सगळं मोडायचं आणि कचऱ्याच्या ट्रकमध्ये भरायचं. नव्या माणसाला ह्याचं वाईट वाटतं. मलाही वर्षभर वाटलं, मग सवय झाली. चाचांना एकोणतीस वर्षांत झाली नाही. मोडायच्या दिवशी ते कधीही हॉलवर गेले नाहीत. विघ्नेश, आमचा प्रॉडक्शन मॅनेजर, त्यावरून त्यांची थट्टा करायचा की चाचांच्या घरी आज सुतक आहे. चाचा हसायचे आणि रंधा चालवत राहायचे.

गाव दाभोळच्या खाडीकाठचं. वडील होड्या दुरुस्त करायचे, त्यामुळे लाकडाचं ज्ञान घरचंच. इथे आल्यावर त्यांच्या नशिबात एमडीएफ आणि प्लायवूड आलं, ज्याला ते लाकूड म्हणायला तयार नसत. 'भुसा' म्हणत. आज कुठला भुसा कापायचाय, बाय? चारचौघांत मी मॅडम, आणि दोघंच असलो की बाय. कोकणातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचं ते बाय ऐकलं की माझा चढलेला पारा निम्म्यावर यायचा, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

बायको हव्वाबी गावी, मुलगा राहिल. एकुलता एक. चाचांना वाटत होतं त्याने एसीत बसून काम करावं, पण पोराला समुद्राची ओढ. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला. हव्वाबीचा विरोध होता. चाचांनीच तिला फोनवर समजावलं, खाडीत जन्मलेल्या पोराला पाण्याची भीती कसली दाखवतेस. हे वाक्य त्यांनी मला नंतर किती वेळा सांगितलं असेल त्याला हिशेब नाही.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात राहिलच्या जहाजावर एक क्षेपणास्त्र येऊन पडलं. जहाजाच्या कंपनीची ईमेल आली ती इंग्रजीत. चाचा ती मोबाइलवर घेऊन उम्म अल कुवैनहून बस बदलत ऑफिसला आले. म्हणाले, बाय, जरा वाच. मी उभ्या उभ्या वाचली. दुसऱ्या ओळीतच सगळं होतं. मी दुसरी ओळ सोडून तिसरी वाचली, चौथी वाचली, आणि मग चाचा म्हणाले, "तू मधलं काहीतरी गाळतेस." मग मी ती ओळ वाचली.

मय्यत मिळाली नाही. गावात कबरीशिवाय नमाज झाली. चाचा महिनाभर गावी राहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभे. मला वाटलं होतं ते रडतील, चिडतील. त्यांनी फक्त एक नवा प्रश्न सुरू केला. ते क्षेपणास्त्र बनवलं कुणी? जहाजाच्या कंपनीला त्यांनी माझ्याकडून तीनदा पत्र लिहून घेतलं. तीनदा उत्तर आलं की तपास चालू आहे. सोडणारे कोण ते सगळ्या बातम्यांत होतं, त्यात त्यांना रस नव्हता. त्यांना बनवणारा हवा होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "बाय, कुणीतरी कारागीरच असणार ना. हातात टेप घेऊन उभा असेल माझ्यासारखा. त्याने विचारलं नसेल, हे कुठे जाऊन पडणार? की विचारलं आणि कुणी सांगितलं नाही?"

मी डबा आवरायला लागले. त्यावर ते म्हणाले की पुढच्या वर्षी अबुधाबीत शस्त्रांचं मोठं प्रदर्शन भरेल. दर दोन वर्षांनी भरतंच, आणि आपल्याला त्यातली कामं मिळतातच. तेवढं एक मला देऊ नकोस. बाकी काहीही दे, भुसा दे, खिळे सरळ करायला बस म्हण, पण त्या सामानाखाली माझा हात नको. मी शब्द दिला. अगदी सहज दिला, कारण ते वर्षभर लांब होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुबईत मदतकार्य करणाऱ्या संस्थांचं एक प्रदर्शन होतं. युरोपातल्या एका लहानशा संस्थेचा स्टॉल आमच्याकडे आला. चार मीटर बाय तीन. त्यांचं काम असं की दोन भांडणाऱ्या गावांच्या, टोळ्यांच्या मध्ये जाऊन बसायचं आणि समेट होईपर्यंत उठायचं नाही. त्यांना मधोमध एक गोल टेबल हवं होतं, सहा जण बसतील एवढं. चाचांनी नेहमीचे प्रश्न विचारले. ह्याच्यावर काय बसणार? मी म्हटलं, माणसांच्या कोपरांशिवाय काही नाही. त्यांना ते उत्तर फार आवडलं.

त्या संस्थेचा एक म्हातारा कारखान्यात टेबल बघायला आला होता, पांढरी दाढी, पायात सँडल. त्याने आणलेल्या फोटोंत दोन मासेमारी गावांचा समेट होता, आफ्रिकेतला कुठलातरी. चाचा ते फोटो बघत राहिले आणि मला म्हणाले, ह्याला आमच्या गावचं सांग. ते बोलत गेले, मी इंग्रजीत सांगत गेले.

त्यांच्या गावात दोन मोहल्ल्यांत खाडीत जाळी लावण्यावरून मारामारी झाली होती. कोयते निघाले, एकाचा हात गेला. तेव्हा जमातीने, म्हणजे गावच्या पंचांनी, दोन्ही बाजूंच्या चार-चार माणसांना मशिदीच्या ओट्यावर एकाच थाळ्याभोवती बसवलं. थाळा मोठा, जमातीच्या मालकीचा, लग्नाकार्यात वापरायचा. भात एक, कालवण एक. बोलला नाहीत तरी चालेल, पण थाळा रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम. दुपारी बसलेली माणसं अस्राची अजान झाली तरी भाताला शिवली नव्हती. पंच पुन्हा पुन्हा येऊन सांगायचे, घ्या, गार होतंय. शेवटी मगरिबच्या, दिवस मावळायच्या सुमारास एकाने माशाचा तुकडा समोरच्याकडे सरकवला. तो सरकवणारा चाचांचा बाप. त्याच्याच भावाचा हात गेला होता.

म्हाताऱ्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं, थाळ्याचं चित्रसुद्धा काढलं. जाताना चाचांचा हात धरून म्हणाला, पुढच्या वर्षी येऊ तेव्हा मोठं टेबल करू, बारा माणसांचं. राहिल गेल्यानंतर चाचांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहिलं. त्यानंतर ते महिन्या-दीड महिन्याने विचारायचे, म्हाताऱ्याचं काही आलं का? त्यांनी मनात टेबल करायला घेतलं होतं. भुसा नको, अस्सल लाकूड घेऊ, एकही स्क्रू न मारता खाचेत खुंट्या बसवू, होडीचं करतात तसं.

ह्या वर्षी जानेवारीत म्हाताऱ्याचं आलं. ईमेल चार ओळींची होती. आम्ही येऊ शकत नाही. ज्या सरकारांच्या पैशावर आमचं काम चालायचं, त्यांनी तो पैसा एकत्र शस्त्रखरेदीकडे वळवला आहे. ऑफिस बंद करतो आहोत. तुमच्या सुतारांना माझा सलाम सांगा.

मी सलाम सांगितला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. आणि त्याच आठवड्यात विघ्नेश नवीन ऑर्डर घेऊन नाचत आला. अबुधाबीचं प्रदर्शन. युरोपातल्या अनेक देशांचा एकत्र स्टॉल, मोठा, कोपऱ्यावरचा. हे देश आता सुटीसुटी शस्त्रं न घेता वर्गणी काढून एकत्र घेणार होते, आणि तेच जगाला दाखवायचं होतं. माहितीपुस्तिकेवर ठळक अक्षरात छापलं होतं, 'एकत्र खरेदी, एकत्र शांतता'. मधोमध त्यांना हवं होतं एक मोठं गोल टेबल. अस्सल लाकडाचं. सगळे देश एका टेबलाभोवती, अशी त्यांच्या जाहिरातवाल्याची कल्पना.

गोल, अस्सल लाकडाचं, अडीच मीटरचं टेबल तीन आठवड्यांत करणारा माणूस आमच्याकडे एकच होता. मी विघ्नेशला म्हटलं, चाचांना नाही द्यायचं, मी शब्द दिलाय. विघ्नेश वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "प्रज्ञा, यार, समझा कर. हे टेबल गेलं तर पूरा स्टॉल जातो. स्टॉल गेला तर कारखान्यात सहा माणसं कमी करायला सांगितलीत वरून. त्यात पहिलं नाव अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचं असेल. तू बोल त्यांच्याशी. पण काय बोलायचं ते नीट ठरवून बोल."

मी नीट ठरवून बोलले. आजही ते बोलणं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. कारखान्यात जाऊन मी म्हटलं, चाचा, युरोपातले बरेच देश शांततेसाठी एकत्र येतायत. त्यांना मधोमध गोल टेबल हवंय, मोठं. बीचचं लाकूड मागवलंय. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चाचांनी चष्मा खिशात ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणाले, म्हाताऱ्याने करून दाखवलं म्हणायचं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग त्यांनी विचारलं, ह्याच्यावर काय बसणार?

मी म्हटलं, "दोनशे किलो धरून चाला."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. बारा माणसं कोपरं टेकून, वर कागद, पाण्याचे जग, कुणी चिडून मूठ आपटली तर तेही धरायला हवं. दोनशे बरोबर आहे, म्हणाले. कोपरं टेकणार म्हटल्यावर हात कुठे टेकणार हे त्यांना विचारायची गरजच पडली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम पाहिलं. बाराही फळ्या त्यांनी स्वतः निवडल्या. टेबल बारा पाकळ्यांत होतं आणि प्रत्येक पाकळी शेजारच्या पाकळीत खुंटीने अडकायची. एक काढली तर सगळं सैल, बाराही बसल्या की हलायचं नाव नाही. कडेला त्यांनी हलकासा उतार दिला, तासन्‌तास बसल्यावर मनगटाला कड काचू नये म्हणून. तो उतार ड्रॉइंगमध्ये नव्हता. डोळे मिटून ते कडेवरून मनगट फिरवून बघत आणि जिथे टोचेल तिथे पुन्हा पॉलिश पेपर मारत. मला म्हणाले, भांडणाला आलेला माणूस आधीच टोचलेला असतो, त्याला आणखी काही टोचू नये. हव्वाबीला व्हिडिओ कॉल करून त्यांनी टेबल दाखवलं. ती पलीकडून म्हणाली की राहिलच्या निकाहाला ह्याच्यावर जेवण मांडलं असतं. मी तिथे उभी होते. मी तेव्हाही बोलू शकले असते.

माझा बेत साधा होता. चाचा कारखान्यात काम करतात, हॉलवर जोडणारी टोळी वेगळी असते. टेबल जाईल, चार दिवस राहील, मोडेल, ट्रकमध्ये जाईल. चाचांना फोटोसुद्धा दाखवायची गरज नाही. पण ते टेबल इतकं नेटकं केलेलं होतं की टोळीतल्या कुणाला जोडताच येईना. प्रदर्शन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी हॉलवरच्या टोळीने पाच पाकळ्या बसवल्या आणि सहावी जाईना. हातोडा घेतला तर लाकडाला खोक पडेल. जोडायचा क्रम मला माहीत होता, पण विघ्नेशने मला न विचारता गाडी पाठवली आणि चाचांना उम्म अल कुवैनहून अबुधाबीला आणलं.

हे मला कळलं ते सकाळी अकराला, मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला रंगाचे डाग मोजत होते तेव्हा. मी धावत आले. चाचा मागच्या माल उतरवायच्या दारातून आत आले होते, तो हॉल त्यांच्या ओळखीचा, अडल्यानडल्या जोडणीला पूर्वी आलेले. आजूबाजूचं सगळं अजून निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी शब्द दिलेला, त्यामुळे त्यांना वाटलं असेल, असेल दुसरं कसलंही प्रदर्शन. त्यांनी बाराही पाकळ्या जोडल्या होत्या, आणि टेबलाखाली आडवे होऊन शेवटची खुंटी तपासत होते. त्याच वेळी छोट्या क्रेनने पेटीतून क्षेपणास्त्र बाहेर काढलं. पांढरं, चार मीटरचं, टोकाला लाल पट्टा. नमुना होता, आत काही नव्हतं, पण ते टेबलाखालच्या माणसाला कुठून कळणार? मी थांबा म्हणेपर्यंत क्रेनवाल्याने ते अलगद टेबलावर टेकवलं.

टेबल हललं नाही. एकही जोड करकरला नाही. चाचा खालून बाहेर आले, उभे राहिले, बघितलं. टेबलाभोवतालच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक कुणीतरी ओढलं आणि मागे देशांचे झेंडे दिसले. चाचांनी सवयीने तळहात टेबलाखाली लावून कुठे ताण येतोय का ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले. क्रेनवाला निघून गेला होता, आसपास दुसरं कुणी नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "वजन तुम्ही बरोबर सांगितलं होतं."

मला त्यांनी एकांतात मॅडम कधीच म्हटलं नव्हतं. मी रडायला लागले. माझं रडणं बघायला त्यांना वेळ नव्हता, त्यांनी विचारलं, तो म्हातारा कुठे आहे? मग मी सगळं सांगितलं. ईमेल, त्यांचं बंद झालेलं ऑफिस, पैसा कुठून कुठे गेला, आणि राहून गेलेला सलाम. त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात त्या स्टॉलची अधिकारी आली, तिशीची, उंच. टेबल बघून तिचा चेहरा खुलला. कुणी केलं म्हणून विचारलं आणि चाचांशी हात मिळवायला पुढे झाली. चाचांनी हात छातीवर ठेवून सलाम केला, हात दिला नाही. मला म्हणाले, तिला विचार, हे सगळे देश ह्याच्याभोवती काय करणार?

तिने नीट उत्तर दिलं, उडवून लावलं नाही. आजवर प्रत्येक देश वेगळी शस्त्रं घ्यायचा. एकाच्या तोफेत दुसऱ्याचा गोळा बसत नाही, किंमत दुप्पट पडते, वेळ जातो. एकत्र घेतलं की स्वस्त आणि लवकर. आम्हाला लढायचं नाही, म्हणाली, कुणी आमच्यावर चालून येऊ नये एवढंच. तिचं गाव सीमेपासून चाळीस किलोमीटरवर होतं. तिची आई दाराजवळ भरलेली बॅग ठेवून झोपते. हे सांगताना तिचा आवाज बदलला.

चाचा ऐकत होते. म्हणाले, "तिला सांग, तुझी भीती खरी आहे. ती माझ्या घरी येऊन गेलीय." मग म्हणाले, "गावात आम्ही वर्गणी काढली ती थाळ्यासाठी. कोयते होते प्रत्येकाच्या घरी, पण कोयत्यांसाठी वर्गणी कधी काढली नाही. काढली असती तर समोरच्या मोहल्ल्यानेही काढली असती. मग थाळा कुणी घेतला असता?"

मी जमेल तसं इंग्रजीत केलं. ती म्हणाली, पण समोरचा बसायलाच तयार नसेल तर?

"आमचा कोण तयार होता? भात चार तास गार होत होता. बोलावणारे दमले नाहीत म्हणून माणसं बसली. तुम्ही तर बोलावणाऱ्यालाच घरी पाठवलंत."

तिला पटलं असं मी म्हणणार नाही. तिच्या आईची बॅग कुणाच्या गोष्टीने दारातून हलणार नव्हती, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं असतं की नाही, देव जाणे. चाचांच्या बोलण्यात काय चूक होतं तेही मला सांगता येत नाही. तिने फक्त मान झुकवली आणि निघून गेली. थोड्या वेळाने एक मुलगा आला आणि टेबलाच्या त्या गुळगुळीत उताराच्या कडेवर एक पाटी लावून गेला, हात लावू नये.

चाचांनी नोकरी सोडली, व्हिसा खलास करायला सांगितला. विघ्नेश त्यांच्या पाया पडायच्या बेताला आला होता, पण त्यांनी कुणाला दोष दिला नाही. चार महिने थांबले असते तर करार पूर्ण झाला असता. थांबले नाहीत. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं, आणि शारजाच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. त्यांनी नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. एवढ्या रस्त्यात ते एकच गोष्ट बोलले.

"परवा मोडतील ना ते?"

मी म्हटलं, "हो चाचा. सगळंच मोडतात."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. एकोणतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातचं काही मोडावं म्हणून पहिल्यांदा वाट पाहिली. गाडीतून उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही.

प्रदर्शन संपलं त्या दुपारी मी मुद्दाम हॉलवर गेले. मनाशी ठरवलं होतं की पहिला हातोडा मीच मारायचा. बाकीचा स्टॉल पडत होता, पण टेबल बाजूला काढून ठेवलं होतं. सगळ्या मंत्र्यांनी, सेनाधिकाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. असं काम आता युरोपातही होत नाही, म्हणाले. त्या लोकांनी ते स्वतःकडे ठेवायचं ठरवलं होतं. ह्यापुढे त्यांच्या प्रत्येक प्रदर्शनात, प्रत्येक राजधानीत तेच मांडणार होते. बारा पाकळ्यांसाठी बारा कप्प्यांच्या पेट्या आल्या होत्या. मी विघ्नेशला म्हटलं, हे मोडायचं ठरलं होतं. तो म्हणाला, "हबीबी, माल त्यांचा आहे. आपण कोण मोडणारे?"

आणि मग त्याने सांगितलं की त्यांना जोडायची पद्धत लिहून हवी आहे, चित्रांसकट, कारण तिकडे जोडणारा कुणी नाही. कुठली खुंटी आधी, कुठली मागून, हे चाचांनी एका दुपारी मला हौसेने दाखवलं होतं. कंपनीत ते ठाऊक असलेली आता मी एकटीच होते. मी नाही म्हणू शकले असते. मला माझी नोकरी, मुलीची शाळा, घराचा करार, सगळं एकदम आठवलं. मी दोन दिवस बसून आठ पानं लिहिली. फार स्पष्ट लिहिली. कुणालाही जमेल अशी.

गेल्या शुक्रवारी जुम्म्यानंतर चाचांचा फोन आला. गावी ते आता होड्या दुरुस्त करतात, लाकूड बरं मिळत नाही म्हणाले. मागे हव्वाबीचा आवाज येत होता. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, विघ्नेशची केली. मला बाय म्हणाले. मला वाटलं, संपलं एकदाचं, आता हसून फोन ठेवता येईल. मग त्यांनी विचारलं.

"बाय, ते मोडलं ना? तू बघितलंस?"

माझ्यासमोर कॉम्प्युटरवर सकाळीच आलेली ईमेल उघडी होती. त्या लोकांनी आभार मानले होते आणि फोटो पाठवला होता. कुठल्यातरी थंड शहरातला उंच छताचा हॉल, मधोमध टेबल, वर ह्या वेळी दोन क्षेपणास्त्रं ठेवलेली. कागदावर सांगितल्याप्रमाणे सगळं अगदी नीट बसलं, असं लिहिलं होतं.

"हो चाचा," मी म्हटलं. "मी स्वतः उभी होते. खलास. एक पाकळीसुद्धा ठेवली नाही."

मग त्यांनी हव्वाबीला हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं, मोडलं म्हणते, प्रज्ञा स्वतः उभी होती. आणि ती म्हणाली, अल्लाचा शुक्र आहे, आता तरी तुम्ही जेवा.